शब्दामागची मेंढरं

मी गेली बरीच वर्षं इथल्या एका दैनिकात आठवड्याला एक सदर लिहितो. विषय अर्थकारण. कॉलेजात आयुष्यभर तेच शिकवलं, निवृत्तीनंतर तोंडाला काम उरलं नाही म्हणून हात चालवायला लागलो. वर्गातली पोरं निदान हजेरीसाठी तरी बसायची, सदराच्या वाचकावर तीही सक्ती नाही. तरी लोक वाचतात असं दिसतं. क्रांती चौकात चहाला थांबलो की कुणीतरी ओळखतो आणि विचारतो, "सर, सोनं आत्ता घ्यावं का थोडं थांबावं?" मी कपाळाला आठ्या घालतो, कप खाली ठेवतो आणि काहीतरी सांगतो. खरं म्हणजे मला माहीत नसतं. सोन्याचं पुढं काय होणार हे कुणालाच माहीत नसतं. पण 'माहीत नाही' एवढंच लिहिलं तर सदराची जागा भरत नाही.

माझी मतं तशी मवाळ. परदेशी कापसावरचं शुल्क उठलं की मी लिहितो, गिरण्यांना दिलासा आहे, मात्र आपल्या कापूसवाल्यांनी काय करायचं? शुल्क परत बसलं की लिहितो, कापूसवाल्यांना आधार आहे, मात्र कापड महागेल. बायको म्हणते, "तुमच्या लेखातला 'मात्र' काढून टाकला तर नुसता फोटो उरेल." फोटो चांगला आहे. केस काळे असतानाचा आहे, आणि संपादकांनी नवा मागितला की मी विसरल्याचं सोंग करतो.

हे सगळं सांगायचं कारण माझी आक्का. माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी, सख्खी बहीण. आम्ही मेंढरं राखणाऱ्या घरातले. वडिलांचा कळप होता आणि घरात आम्ही दोनच पोरं. मला शाळेत घातलं तेव्हा माझ्या वाटणीची मेंढरं आक्कानं वळली. हे लिहायला एक ओळ पुरते. मी पाटीवर अक्षरं गिरवत होतो तेव्हा ती अनवाणी माळावर होती, आणि पुढं साठ वर्षांत तिनं हे एकदाही बोलून दाखवलं नाही. लग्न होऊन ती पाचोडजवळच्या एका गावात गेली. तिथंही मेंढरंच. नवरा वारला, मुलगा शेंद्र्याला कंपनीत लागला, सून घरी शिलाई मशीन चालवते. आक्का सत्तरी ओलांडली तरी काठी घेऊन रोज कळपामागं.

तिला लिहितावाचता येत नाही. माझं सदर सून तिला वाचून दाखवते. आक्का डोळे मिटून ऐकते आणि शेवटी म्हणते, "बरं लिवलंय." मग त्या कागदाची घडी होते आणि ती देव्हाऱ्यात जाते, खंडोबाच्या टाकाखाली. तिथं माझ्या लेखांचा एवढा गठ्ठा झाला होता की देव जरा तिरका बसायचा.

एकदाच तिनं 'बरं लिवलंय' म्हटलं नाही. मी लोकरीवर लिहिलं होतं. बाहेरच्या देशातून मऊ लोकर येते, गिरणीची स्वस्त ब्लँकेटं येतात, म्हणून आपल्या काळ्या जाड लोकरीला कुणी विचारत नाही. हे वाईट असलं तरी गिऱ्हाइकाचा फायदाच आहे, असा एकूण सूर. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"भाऊ, मेंढरं कातरायला वरनं पैसं द्यावं लागत्यात आन् लोकर बांधावर टाकून द्यावी लागती. हे बरुबर हाय व्हय?"

"बरोबर नाही आक्का. पण बाजाराचं तसंच असतं."

"बाजाराला कुणी सांगत नाय का काय?"

मी हसलो. 

आता आमच्या घरची एक रीत सांगतो, ती माहीत असल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. आमच्यात मोठ्या माणसाला तोंडावर काही सुनवायचं नाही. मोठा भाऊ, मोठी बहीण, जावई, ज्याच्या शेतात उतरलो तो मालक, यांचं कितीही चुकलं तरी नाही. मग करायचं काय? कुत्र्याला सांगायचं. ज्यानं ऐकायचं तो शेजारी बसलेला असतोच. वडील लोकांच्या शेतात मेंढरं बसवायचे. कळप शेतात मुक्काम करायचा, लेंड्यांचं खत जमिनीला मिळायचं, आणि सकाळी त्याबद्दल मालकानं ज्वारी मोजून द्यायची. एका सकाळी मालकानं मापात हात आखडला. वडील काही बोलले नाहीत. शेजारी बसलेल्या आमच्या कुत्र्याकडं वळून म्हणाले, "काय रं गड्या, औंदा गावातली मापं बारकी झाली वाटतं." कुत्र्यानं शेपूट हलवलं. मालकानं खाली बघत आणखी दोन ओंजळी टाकल्या. पुढं मी व्यापारधोरणावर जाडजूड पुस्तकं वाचली, देशादेशांच्या वाटाघाटींवर तास घेतले, पण इतक्या कमी बोलण्यात मिटलेला व्यवहार पुन्हा कुठं पाहिला नाही.

तर गेल्याच्या गेल्या थंडीत मी निवृत्त लोकांसाठी एक लेख लिहिला. डोळ्यांपुढं आमच्या मुकुंदवाडीच्या इमारतीतले शेजारी होते. एकानं निवृत्तीच्या पैशातून गाळा घेतला होता आणि तो भाडेकरूच्या मागं फिरत होता. दुसऱ्यानं टेम्पो घेतला होता आणि तो ड्रायव्हरच्या मागं फिरत होता. मला सांगायचं होतं ते एवढंच, की म्हातारपणी पैसा शांत जागी ठेवावा. पण इतकं सरळ सांगितलं तर सदर कसलं? मला गावाकडची फोडणी लागते. मी वडिलांची मेंढरं आणली, माळ आणला, पायात मोडलेले काटे आणले, आणि शेवटी लिहिलं: 'साठीनंतर ज्या भांडवलामागं रोज चालावं लागतं, ते वेळीच मोडावं.' हे वाक्य मला इतकं आवडलं की बायकोला दोनदा वाचून दाखवलं. संपादकांनी ते चौकटीत छापलं.

पंधरा दिवसांनी आक्काचा फोन आला.

"भाऊ, इकली बग मेंढरं."

"कोणती?"

"समदी. बेपारी आला व्हता, त्याला देऊन टाकली. पैसं ब्यांकेत ठिवलं. तू लिवलं व्हतंस तसं."

इथं मी काय बोललो ते नीट लिहायला हवं. मी म्हणू शकलो असतो, की आक्का, ते तुझ्यासाठी नव्हतं, मेंढरं मी आपली चवीपुरती घातली होती. त्या दिवशी सांगितलं असतं तर सौदा कदाचित फिरवताही आला असता. मी म्हणालो, "बरं केलंस आक्का. आता आराम कर." आणि मला आनंद झाला होता, तोही कबूल करतो. इतक्या वर्षांत माझा लेख वाचून कुणी काही केल्याचा हा पहिलाच पुरावा होता.

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "त्यांना वाटलं असणार, हा तोंडावर सांगू शकत नाही म्हणून पेपरातून सांगतोय." म्हणजे वडिलांचा कुत्रा, तसा माझा पेपर. मलाही ते पटलं. आक्कानं आमच्याच रीतीनं माझा लेख ऐकला होता. असो, झालं ते तिच्या भल्याचंच झालं, या वयात उन्हातान्हात कशाला हिंडायचं, अशी मी स्वतःची समजूत घातली. समजूत घालणं हा माझा धंदाच आहे.

होळी झाल्यावर तिच्याकडं गेलो. आक्का ओसरीवर बसली होती. समोरच्या मोकळ्या जागेत कळपाभोवती लावायची जाळी, वाघर म्हणतो आम्ही तिला, ती गुंडाळून पडली होती. कळपाचा कुत्रा तिच्या पायाशी. त्यालाही काम उरलं नव्हतं. आक्का इतकी बारीक झाली होती की बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मला बघून हसली, उठायला गेली आणि पुन्हा बसली.

सून मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "मामा, आत्याबाई अर्धी भाकर बी खाईनात. दिस उगवायच्या आदी उठत्यात, काठी घेत्यात, दारापतूर जात्यात आन् माघारी येऊन बसत्यात. पाय बी सुजल्यात. काय झालंय इचारलं तर म्हंत्यात, आराम करायले."

आराम हा माझाच शब्द होता. मी तिला त्याच दिवशी शहरात घेऊन आलो.

तपासण्या झाल्या. रक्त, लघवी, छातीची पट्टी, पायांची काय ती सोनोग्राफी. सगळं वयाच्या मानानं ठीक. डॉक्टर म्हणाले, "आजी एका जागी फार बसतात. थोडं चालायला सांगा." आयुष्यभर चाललेल्या बाईला चालायला सांगा, हे ऐकण्यासाठी मी फी भरली आणि रिक्षात तिला ते सांगितलंही. ती म्हणाली, "कुठं चालू? कुणामागं?" मी म्हणालो, इमारतीच्या गच्चीवर.

मग ती आमच्याकडंच राहिली. दिवसभर गॅलरीतल्या खुर्चीत बसायची आणि समोरच्या स्टेशनात येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायची. त्याच आठवड्यात मी बाजार कसा सावरतोय यावर लिहीत होतो. लिहिलेलं मोठ्यानं वाचायची मला सवय आहे. आक्का ऐकत होती.

"कोण सावरलं म्हंतोस?" तिनं विचारलं.

"बाजार."

"कुणाचा?"

मी समजावून सांगायला लागलो. शेअर, उत्पादन, मागणी. सांगता सांगता माझं लक्ष तिच्या बांगड्यांकडं गेलं आणि मी थांबलो. सावरणं हा शब्द मी शेकड्यानं वापरलाय. माणूस सावरताना कसं दिसतं, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. न सावरणारं माणूस समोर बसलं होतं आणि त्याला मी गोळ्या, मुगाची खिचडी आणि गच्ची सुचवत होतो. मला भीती वाटायला लागली. आक्का जाईल असं त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, आणि ती गेली तर ती माझ्या चौकटीतल्या वाक्यानं जाईल, हेही आलं.

दोन-तीन आठवड्यांनी एका दुपारी मी बँकेतून आलो तर गॅलरीतली खुर्ची रिकामी. बायकोचा डोळा लागला होता. दार नुसतं लोटलेलं. चपला अडकवून दोन-दोन पायऱ्या उतरत मी खाली आलो, वॉचमनला विचारलं, किराणा दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, "आजी का? त्या रोज याच वेळेला स्टेशनाकडं जातात की." रोज? मी रुळांच्या दिशेनं जवळजवळ पळालो.

स्टेशनापलीकडं एक मोकळं मैदान आहे, बाभळी आहेत, थोडं गवत, बराच कचरा. तिथं सात-आठ शेळ्या चरत होत्या आणि त्यांच्यामागं आक्का होती. पदर कमरेला खोचलेला, हातात लिंबाची वाळली फांदी. एक शेळी रुळाकडं वळली तशी आक्कानं जिभेनं आवाज काढला, तोच जुना, वडिलांचा, आणि शेळी निमूट परत फिरली. सुजलेल्या पायांनी ती चालत होती आणि चाल मात्र तीच, पाय न उचलता घासत जाणारी, जी मी लहानपणी मागून बघायचो. जवळच्या झोपडीतली एक बाई दगडावर बसून भाजी निवडत होती. शेळ्या तिच्या. ती मला म्हणाली, "तुमच्या आई का? लई बरं झालं बगा. आठ दिवसापून मला बसूनच काम. शेळ्या आता माझं ऐकंनाच झाल्यात."

मी आक्काला हाक मारली नाही. फलाटाच्या टोकाला एक सिमेंटचं बाकडं आहे, तिथं जाऊन बसलो. तिनं मला बघितलं. शेळ्या मालकिणीकडं लावून दिल्या, फांदी तिथंच ठेवली आणि येऊन शेजारी बसली. चोरी पकडल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. पकडला गेलो होतो तो मी.

बाकड्याखाली एक पिवळट कुत्रा पसरला होता. आम्ही दोघं त्याच्याकडंच बघत होतो. मग मी बोलायला लागलो. आक्काकडं बघून ते बोलणं मला जमलं नसतं.

"ऐक रे गड्या," मी कुत्र्याला म्हणालो. "तो लेख मी आक्कासाठी लिहिला नव्हता. माझ्या इमारतीतल्या लोकांसाठी लिहिला होता. मेंढरं मी शोभेला घातली. तिनं कळप विकला तेव्हाच हे सांगायला पाहिजे होतं. मी बरं केलंस म्हणालो. माझं चुकलं. लई चुकलं." अडुसष्ट वर्षांचा माणूस, अर्थशास्त्राचा प्राध्यापक, फलाटावर बसून रडत होतो.

कुत्र्यानं एक डोळा उघडून पाहिलं. आक्कानं पदर सारखा केला आणि तीही त्यालाच म्हणाली, "त्याला म्हणावं, मला ठावं हाय. मी काय येडी हाय व्हय? सून वाचती ते समदं कळतंय मला. गाळा, टेंपू, भाडं. ते शेरातल्या लोकास्नी लिवलंय, मला न्हाई."

मी रीत सोडली आणि सरळ तिच्याकडं वळलो. "मग कामून विकलीस आक्का?"

"आरं, समद्या गावानं वाचलं व्हतं ते. पारावर बोलायली माणसं. भाऊ पेपरात सांगतोय म्हातारपणी ह्याच्यामागं फिरू नगा, आन् त्याची सख्खी भैन मेंढरामागं फिरायली. म्या म्हणलं, सख्ख्या भैनीनंच मानलं नाय तर दुसऱ्यानं कामून मानावं तुला? तुझ्या शब्दाला काय किंमत ऱ्हायली आसती?"

एक मालगाडी आली. तिचे डबे संपेपर्यंत आम्हाला बोलता आलं नाही, आणि ते बरंच झालं.

मी वर्षानुवर्षं वर्गात नोट हातात धरून सांगायचो, की हा नुसता कागद आहे. याच्यामागं कुणीतरी उभं आहे असा लोकांचा विश्वास आहे, म्हणून याचं धान्य येतं. पोरं वहीत लिहून घ्यायची. माझे लेखही कागदच. त्यांच्यामागं कोण उभं आहे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. माझी अक्कल उभी आहे असंच मी धरून चाललो होतो. तिथं आक्का उभी होती, आपला अख्खा कळप घेऊन. मी शाळेत जाताना एकदा उभी राहिली होती, आता म्हातारपणी परत.

"चल," आक्का म्हणाली. "चा करायला सांग तिला. डोळं पूस आदी."

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, कपाट उघडलं आणि माझ्या मुदत ठेवीची पावती माझ्यापुढं ठेवली. शांत जागी ठेवलेला माझा पैसा. "मोडा," ती म्हणाली. "त्यांच्या पैशाला हात लावायचा नाही." बँकेतला ओळखीचा अधिकारी हळहळला. "सर, मुदतीआधी? तुम्हीच लिहिता ना?" मी म्हणालो, लिहितो ते लोकांसाठी.

पाचोडच्या बाजाराच्या दिवशी आक्काला घेऊन गेलो. तिला फक्त म्हणालो, बेपाऱ्याला भेटायचंय. हा बेपारी मुसलमान, पन्नाशीचा, त्याच्या बापानं माझ्या बापाकडून मेंढरं घेतलेली. दोन पिढ्या कधी चिठ्ठी झाली नाही. शब्द व्हायचा आणि मेंढरं जायची. जनावरांच्या बाजारात तो खाटेवर बसला होता. आक्काला बघून उठला आणि जागा दिली. मग माझ्याकडं बघून मिशीत हसला.

"प्रोफेसर साब, पेपर में तो लिखे थे, मोडो करके. अब लेने कू आये?"

"हौ. गलत लिखा था," मी म्हणालो.

"कबूल करते आप, अच्छी बात है. ठैरो जरा." तो आपल्या गोठ्याकडं गेला आणि एक काळी मेंढी दोरीनं धरून घेऊन आला. गळ्यात पितळी घुंगरू, कपाळावर भंडाऱ्याचा पुसट पिवळा डाग. आमच्यात प्रत्येक कळपात एक मेंढी देवाच्या नावानं सोडलेली असते. ती विकत नाहीत, कापत नाहीत. आक्कानं त्या दिवशी मन घट्ट करून डोळे झाकून सगळा कळप दिला, त्यात तीही गेली होती. नंतर आठवलं तेव्हा बोलायचीही सोय नव्हती. तिच्या न जेवण्यात हेही होतं, ते मला आत्ता कळत होतं.

"आक्का, ये तुमच्या देवाची हाय," बेपारी म्हणाला. "इसका सौदा होतच नै. घाईघाईत आली माझ्याकडं. मैं अलग बांध के रख्या. अमानत है."

"मग एवढे महिने कळवलं का नाही?" मी विचारलं.

"काइकू कळवू? मालूम था, आक्का येणार. मेंढरं छोडके वो किदर रहती?"

बाजाराचा अंदाज बांधणं म्हणजे काय, ते त्या खाटेवर बसून मला समजलं. मेंढीनं तिच्या पदराचा वास घेतला, डोकं तिच्या पोटाला लावलं, आणि आक्का तिच्या कपाळावर कपाळ टेकून उभ्या बाजारात मोठ्यानं रडली. बेपारी दुसरीकडं बघत राहिला. मीही.

देवाच्या मेंढीचे पैसे त्यानं घेतले नाहीत. बाकीच्या मी निवडून घेतल्या, म्हणजे निवडल्या आक्कानं, दात बघून, पाठ दाबून. मी मधे एकीला बरी म्हणालो तर तिनं हातानंच मला बाजूला केलं. "ह्या मी फुकट न्हाई घेणार," ती मला म्हणाली. मग आमच्यातल्या जुन्या अर्धलीवर ठरलं: मेंढ्या माझ्या, राखण तिची, पिल्लं निम्मी-निम्मी. आणि अर्धलीत मालकानं महिन्यातून एकदा तरी येऊन कळपामागं दिवसभर फिरायचं असतं, असं तिनं सांगितलं. अशी काही अट असल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. पण मी जातो.

पायांची सूज उतरायला महिना गेला. सुनेनं फोनवर सांगितलं, आत्याबाई दोन भाकरी खायल्यात.

मग मी लेख लिहिला. 'सहा महिन्यांपूर्वी याच जागेवर मी जे लिहिलं ते चुकलं,' अशी सुरुवात केली. ज्याच्यामागं रोज चालावंसं वाटतं ते कुठल्याही वयात मोडू नये, आणि दुसऱ्याचं जगणं आपल्या लेखाला चव यावी म्हणून वापरू नये, असं लिहिलं. लोकरीचंही लिहिलं. बाजाराला कुणीतरी सांगितलं पाहिजे, असं लिहिलं. संपादकांचा फोन आला. "सर, सपशेल माघार घेतल्यासारखं वाटेल." मी म्हणालो, घेतलीच आहे. त्यांनी छापलं, चौकट दिली नाही. बायकोनं लेख वाचला आणि म्हणाली, "एकही 'मात्र' नाही."

संध्याकाळी आक्काचा फोन आला. मागं मेंढरांचा कालवा चालला होता, त्यामुळं ती ओरडूनच बोलत होती.

"सुनेनं वाचलं."

"मग? बरं लिहिलंय का?"

"बरं लिवलंय." मग म्हणाली, "भाऊ, एक सांगते. आता ह्या शब्दावरनं फिरू नगंस. म्या परत कळप न्हाई इकणार."

मला हसू आलं. "नाही फिरणार, आक्का," मी म्हणालो.

तिनं फोन बाजूला केला असावा. तिचा आवाज लांबून आला, माझ्याशी नव्हे, पायाशी बसलेल्या कळपाच्या कुत्र्याशी.

"ऐकलंस का रं गड्या? न्हाई फिरणार म्हंतोय."